चौकड्यांमधला काठ

काल माळ्यावरून कूलर खाली उतरला. आईने त्याच्या तिन्ही जाळ्या अंगणातल्या नळाखाली धुतल्या, जुनी खस काढून नवी भरली, टाकीत पाणी सोडलं, आणि पंखा सुरू झाल्याबरोबर घरभर ओल्या गवताचा वास पसरला. नागपूरच्या माणसाला हा वास दोन गोष्टी सांगतो. आता जून उजाडेपर्यंत दुपारी घराबाहेर निघायचं नाही, आणि परीक्षा आली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. समोर पुस्तक उघडं होतं, मी वाचतही होते, पण तो वास नाकात गेला आणि मन उठून दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये जाऊन बसलं.

त्या एप्रिलबद्दल लिहावं असं खूप दिवस वाटतं आहे. पण ते लिहायचं म्हणजे आमच्या घरच्या कॉम्प्युटरबद्दल आणि त्यातल्या सॉफ्टवेअरबद्दल लिहावं लागणार, आणि त्यावर बोलायचा मला अधिकार आहे का, हे ठाऊक नाही. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, नुसता वापरलेला आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझी चूक दाखवायलाही कोणी नव्हतं. तरी नऊ वर्षं एकाच यंत्रासमोर बसलं की माणसाची काही मतं तयार होतात. नऊ वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाबद्दल होतात तशीच.

प्रताप नगरातली एक शिकवणी बंद झाली तेव्हा बाबांनी तिथला एक जुना कॉम्प्युटर घेतला. ओळखीच्या टेम्पोत मागे बसून, जाड पाठीचा मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर धरून, त्यांनी तो इतवारीपलीकडच्या आमच्या गल्लीपर्यंत आणला. मी तेव्हा सातवीत होते. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण वायरी कशा जोडायच्या हे त्यांनी एकदाच बघितलं आणि बरोबर जोडलं. पाच हजार धाग्यांमधला एक तुटला तरी त्यांना तो सापडतो. चार वायरींचं काय. बाबा विणकर आहेत. आमच्या घराच्या मागच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग आहे. समोरच्या खोलीत कॉम्प्युटर आला. मध्ये एक दार.

शिकवणीवाल्यांनी त्यात जे सॉफ्टवेअर भरून ठेवलं होतं, तेच मी आजही वापरते. कॉलेजच्या लॅबमध्ये नवं आहे. ते उघडलं की आधी नमस्कार करतं, मग मी कोण ते विचारतं, मग या खेपेला काय काय नवीन आलं ते दाखवू का म्हणतं. घाईत बाजारात निघालेल्या माणसाला ओट्यावर बसवून घेणाऱ्या काकूसारखं. प्रेमळ आहे, नाही असं नाही. पण माझं घरचं जुनं सॉफ्टवेअर दार उघडतं आणि आपल्या कामाला लागतं. लॅबमधलं माझी फाइल वर इंटरनेटवर कुठेतरी नेऊन ठेवतं. मला माझी फाइल कुठल्या कप्प्यात ठेवली आहे ते माहीत असलेलं बरं वाटतं. कदाचित हा माझ्या लहान घराचा परिणाम असेल. लहान घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते.

चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाची एक बादली असते. आकार काढायचा, आत बादली ओतायची, आकार रंगतो. पण रेषेत ठिपक्याएवढी फट राहिली तर रंग सगळ्या कागदावर सांडतो. सातवीत मी कितीतरी दुपारी ती एक फट शोधण्यात घालवल्या. गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याबरोबर रंगीत लाटा नाचायच्या, आई भाजी निवडत निवडत ते बघायची आणि म्हणायची, "हे चांगलं काम करते वं, याले काही विचारा लागत नाई." आईचं हे मत मला अजूनही पटतं.

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे स्प्रेडशीट. उघडलं की नुसती चौकडी. आडव्या रेषा, उभ्या रेषा, मध्ये रिकामी घरं, आणि खाली कितीही जा, संपत नाही. बाबांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ते मागावरून उठून पाणी प्यायला आले होते. तांब्या हातात तसाच ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"हे काय विणून राहिली?" त्यांनी विचारलं.

"मार्क लिहितेय बाबा. वर्गाचे. बाईंनी सांगितले."

"अस्सं," ते म्हणाले. "मले वाटलं आमच्याच कामाचं हाय."

ते खरंच त्यांच्या कामाचं होतं. ते कळायला मला सहा वर्षं लागली.

साडीचा काठ मागावर यायच्या आधी कागदावर येतो, हे विणकरांच्या घराबाहेर कमी लोकांना माहीत असतं. बारीक चौकड्यांचा आलेखाचा कागद घेतात आणि त्यावर एकेक घर शाईने भरतात. भरलेलं घर म्हणजे तिथला धागा उचलायचा. रिकामं घर म्हणजे सोडायचा. कागदाची एक ओळ म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची एक माळ फिरते. कागद वाचून त्या पट्ट्यांवर बारीक खुंट्या बसवतात, आणि मग त्या खुंट्याच धागे उचलतात. काम बदललं की खुंट्या काढायच्या आणि दुसऱ्या काठासाठी लावायच्या. म्हणजे मागावर काही उरत नाही. उरतो तो कागद.

आमच्याकडे असा एक कागद होता. माझ्या आजोबांनी काढलेला. पायथ्याशी करवतीसारखे दात, दातांच्या वरून जाणारी एक तिरकी वेल, वेलीला एका बाजूला मोठं पान आणि दुसऱ्या बाजूला लहान. एका वेलीला अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीत सोळा घरं. आजोबा गेल्यावर बाबांनी त्या काठाच्या थोड्या साड्या विणल्या, पुढे मागणी बदलली आणि कागद पत्र्याच्या नळकांड्यात गेला. त्या काठाची एकही साडी आमच्या घरात नव्हती. विणली ती गेली. विणकराच्या बायकोच्या अंगावर बहुतेक दुसऱ्याने विणलेलं लुगडं असतं.

आणि त्या कागदाची दुसरी प्रतही नव्हती. कधी असणारही नव्हती. आमच्या गल्लीत काठ लपवतात. समोरच्या घरातले गुलाबरावकाका हेही विणकर, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, रोज सकाळी चहाला यायचे. पण आजोबांचा काठ मागावर असायचा तेव्हा काका दारात दिसले की बाबा हात थांबवायचे आणि बाहेर येऊन गप्पा मारायचे. काकांकडे गेलं की काकाही तेच करायचे. यात राग नव्हता. जेवताना आपण दुसऱ्याच्या ताटात बघत नाही, तसं काहीतरी होतं ते.

दोन वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी प्रणाली. मुलगा धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मूळचे उमरेडचे, घरात पूर्वी मागच होते. लग्न मे महिन्यात. बाबा फार बोलत नाहीत. त्यांनी एका संध्याकाळी नळकांडं काढलं, टोपण उघडलं आणि ताईला म्हणाले, "तुह्या लग्नाचं लुगडं मी विणतो. माह्या बापाच्या काठाचं."

ताईने मान खाली घातली. मग म्हणाली, "अन् पदराले जर जास्त लावजा बाबा."

इतकी वर्षं गुंडाळून राहिल्याने कागद सरळ होत नव्हता. बाबांनी तो समोरच्या खोलीत फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत बघायला इतवारीत गेले. माझी परीक्षा चालू होती. कॉम्प्युटर तापून मध्येच अडकत होता, म्हणून मी कूलरचं तोंड माणसांकडून काढून कॉम्प्युटरकडे केलं. आई म्हणालीच होती, "हवा त्या डब्ब्याले, अन् आमाले घाम." मी हसले, टाकीत पाण्याचा पाइप सोडला आणि नोट्स टाइप करायला बसले.

टाकी कधी भरली ते मला कळलं नाही. पायाला गार लागलं तेव्हा खाली बघितलं. पाणी कागदाच्या वरच्या अर्ध्यावर होतं आणि आजोबांची निळी शाई त्यात हळूहळू पसरत होती.

मी तो उचलला, पंख्याखाली धरला, ओढणीने टिपला. टिपला तेच चुकलं. जी घरं दिसत होती तीही पुसली. बाबा परत आले तेव्हा मी कागद हातात धरून उभी होते. त्यांनी तो घेतला, दाराशी उजेडात नेला, उलटून बघितला. मला वाटलं रागावतील. त्यांनी रागवायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "खालचे चोवीस हायेत." वरचे चोवीस नव्हते. तो काठ आता जगात फक्त बाबांच्या आठवणीत होता, आणि ताईच्या लग्नाला पाच आठवडे होते.

"आठवते ना तुमाले?" आईने विचारलं.

"आठवते," बाबा म्हणाले. पण ते कागदाकडेच बघत होते.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी मी बाबांना म्हटलं की तुम्ही सांगा, मी कॉम्प्युटरच्या चौकड्यांमध्ये लिहिते. पुन्हा पाणी पडलं तरी जाणार नाही. ते माझ्या शेजारी खुर्चीवर येऊन बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन उचल, एक सोड." मी शहाणपणाने २-१ असं टाइप केलं. एंटर मारलं. सॉफ्टवेअरने त्याची तारीख केली. दोन जानेवारी.

मी पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा दोन जानेवारी. "तीन उचल, दोन सोड" म्हटलं, तीन फेब्रुवारी. आई मागून बघत होती.

"काय वं, लग्नाच्या तारखा काढून राहिली का?" ती म्हणाली. "एक ठरली ना. पुरे झालं."

त्या दिवसांत घरात हसू आलं ते तेव्हाच पहिल्यांदा. या सॉफ्टवेअरबद्दल माझी एकच मोठी तक्रार आहे, आणि ती हीच. आपण काय लिहितोय ते पूर्ण ऐकून घ्यायच्या आधी ते समजल्यासारखं करतं. पण मी ती तक्रार फार ताणत नाही. मीही तसंच करते. वर्गात सर प्रश्न अर्धा विचारतात तोवर मी मनात उत्तर तयार केलेलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

मग मी ते आकडे सोडले. सोळा घरांच्या रांगा आखल्या. उचल असेल तिथे १, सोड असेल तिथे काही नाही. आणि १ पडला की घर आपोआप निळं होईल असं करून घेतलं. ते कसं करायचं हे मी एकटीने शोधलं होतं, नववीत, हजेरीच्या तक्त्यासाठी. तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. खालचे चोवीस कागदावरून उतरले. पंचविसावी ओळ आली आणि बाबा अडले. डोळे मिटून बसले, बोटं मांडीवर हलवली, दोन शब्द बोलले आणि थांबले. "इथं बसून नाई येत," ते म्हणाले. "खुर्चीवर पाय कुठं हायेत?"

त्यांचे पाय त्यांना काठ सांगत होते. ओळीत किती धागे उचलले जातात तसं पायाखालचं वजन बदलतं, आणि ठोक्याचा आवाजही. मला हे ऐकून आश्चर्य वाटायला नको होतं. मलाही पासवर्ड विचारला तर सांगता येत नाही, कीबोर्डवर बोटं ठेवली की येतो. बाबा उठले, मागच्या खोलीत जाऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, रिकाम्या मागावर पाय मारू लागले. पण मागाजवळून माझ्यापर्यंत आवाज नीट पोचेना आणि कीबोर्डची वायर तिकडे पोचेना. तेव्हा दारात ताईला उभं केलं. बाबा आतून म्हणत, ताई ऐकून मला सांगे, मी भरे.

"एक सोड, चार उचल," बाबा आतून.

"एक सोड, चार उचल," ताई दारातून.

"मग?"

"थांब ना वं, सांगून राहिले. दोन सोड. आता... काय बाबा? एक उचल."

"ताई, सावकाश. सोळा व्हायला पाहिजेत. पंधराच झाले."

"पंधरा कसे? मी काय खाऊन टाकला एक?" ताई म्हणाली. "नवरीबी मीच, मजूरबी मीच. माह्या हाताले मेंदी लावाची सोडून मले दारात उभं केलं."

मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं की प्रत्येक ओळीतली भरलेली आणि रिकामी घरं मोजून शेवटी दाखव. सोळा आले की ओळ बरोबर. ते मोजत होतं म्हणून ताई आणि मी भांडू शकत होतो; यंत्र कोणाची बाजू घेत नव्हतं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. खसचा वास, कूलरची घरघर, आत पायांचे ठोके, दारात ताईचा आवाज, पडद्यावर निळं पान हळूहळू मोठं होत चाललेलं. मी माझ्या आजोबांना फार पाहिलेलं नाही. त्या दुपारी त्यांचं अक्षर वाचल्यासारखं वाटत होतं.

मध्येच वीज गेली. मी तीन ओळी सेव्ह केल्या नव्हत्या. पडदा काळा झाला, कूलर गप्प झाला, आणि आतून बाबांनी विचारलं, "तिथंबी धागा तुटते का?"

"तुटतो बाबा. मी गाठ मारली नव्हती."

"मग मारत जा," ते म्हणाले, एवढंच. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करते. आजही करते. आमच्या वर्गातल्या मुली म्हणतात, आता ते आपोआप होतं, कशाला बटण दाबतेस. मला दाबल्याशिवाय चैन पडत नाही.

एकतिसाव्या ओळीवर बाबा पुन्हा अडले, आणि या वेळी पायही अडले. तिथे मोठं पान मिटून लहान पान उघडतं. त्यांनी एक सांगितलं, मी भरलं, पानाला टोक येईना. दुसरं सांगितलं, पान फुगलं. मी प्रत्येक वेळी कंट्रोल आणि झेड दाबून मागचं परत आणत होते. चौथ्या वेळी बाबा मागावरून उठून बघायला आले.

"हे काय केलं तू आता?"

"अनडू. केलेलं मागे घेतलं."

"पुन्हा कर."

मी केलं. ओळ गेली. उलट बटण दाबलं, ओळ आली. बाबांनी ते माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. मग म्हणाले, "आमाले विणाले जितका वेळ लागते ना, उसवाले त्याच्याहून जास्त लागते." त्यात हेवा नव्हता. आपल्या पोरीच्या वाट्याला चांगलं काहीतरी आलंय, असा तो स्वर होता. सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असं मला कोणी विचारलं तर मी अनडूच सांगेन. घाबरट माणसाला ते धीर देतं. मी कॉलेजात हात वर करायला घाबरते, पण कॉम्प्युटरसमोर मी काहीही करून बघते, कारण चुकलं तर तिथे माणसं वळून बघत नाहीत.

पण अनडू फक्त केलेलं मागे आणतं. विसरलेलं आणत नाही. त्या दिवशी एकतिसावी ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवतानाही बाबांचं एक बोट ताटाच्या कडेवर ठोके मारत होतं. ताई मला एकटीला म्हणाली, "राहू दे वं छोटी, साधा काठ चालते मले." तिच्या त्या बोलण्याने मला जास्त वाईट वाटलं. तिला चालणार नव्हतं हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा नुसतेच मागावर बसून एकोणतीस, तीस मारत होते आणि थांबत होते. पुन्हा एकोणतीस, तीस, आणि शांत. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ती हात तसेच घेऊन दारात आली.

"तिथं दोनदा एकच वाजत होतं," ती म्हणाली.

बाबांनी वर बघितलं. आजोबांना आई मामाजी म्हणायची.

"मामाजी विणत तेव्हा मी मागाजवळ बसून धोट्याच्या कांड्या भरो. नवीन होती, बोलाची हिंमत नव्हती, ऐकतच राहो. हे सगळं वाजे टकटक टकटक, अन् मग एका जागी एकच ठोका दोनदा. जशी उचकी लागली. मले दरवेळी वाटे बुढे चुकले."

बाबा मागाकडे वळले. त्यांनी तिसावी ओळ मारली. मग तीच पुन्हा मारली. मग त्यांचे पाय आपोआप पुढे चालू लागले. बत्तीस. तेहतीस. "लिही वं," ते आतून ओरडले, "लिही, लिही," आणि ताई पिठाच्या हाताच्या आईला बाजूला सारून दारात उभी राहिली. पानाला टोक आलं. एका तासात अठ्ठेचाळीस झाल्या. आजोबांनी एक ओळ मुद्दाम दोनदा घेतली होती, पान लगेच मिटू नये म्हणून. आईला ती त्यांची चूक वाटली होती, आणि म्हणूनच तिच्या लक्षात राहिली.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून मी छापून आणलं. मोठ्या कागदावर, ठळक चौकडी, निळी घरं. बाबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. मग दोन दिवस बसून खुंट्या लावल्या, ताणा चढवला आणि वीतभर विणून बघितलं. आणि आम्हाला हाक मारली.

वेल आली होती. पण उलटी. आमच्याकडे वेल पदराकडे तोंड करून चालते; ही पदराकडे पाठ करून निघाली होती.

"ही तर सासर सोडून माहेराले चालली," आई म्हणाली, आणि ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

चूक माझी होती, आणि मला ती लगेच दिसली. बाबांनी ओळी विणायच्या क्रमाने सांगितल्या, मी पहिली ओळ सगळ्यात वर लिहिली, कारण स्प्रेडशीटमध्ये एक नंबर वर असतो. पण विणकर कागद खालून वर वाचतो. कापड खालूनच वाढतं. बाबांनी माझा कागद सवयीने खालून वाचला होता.

"याले वरून मोजाले कोनं सांगतलं?" बाबांनी विचारलं. "काहून वरून? झाड वरून वाढते का, भिंत वरून बांधते का कोणी?"

"तुम्ही हाच वरून वाचता का?" मी म्हटलं. ते म्हणाले, डोळा तसा चालत नाही, मध्ये ओळ सुटेल. मग मी शेजारच्या रांगेत एक ते अठ्ठेचाळीस आकडे घातले आणि कॉम्प्युटरला सांगितलं, यांना मोठ्याकडून लहानाकडे लाव. एका क्षणात सगळी वेल उलटली. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. कॉलेजात मी काय शिकते, हे त्यांनी त्यानंतर कधी विचारलं नाही. आधी अधूनमधून विचारायचे.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलच्या वेळी मॅडमनी विचारलं, स्प्रेडशीटमध्ये तुम्ही स्वतःहून काय केलंय? कोणी पगारपत्रक सांगितलं, कोणी क्रिकेटच्या धावांचा तक्ता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, साडी. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या तासाला फाइल आण म्हणाल्या. मी नेली. नवं सॉफ्टवेअर नेहमीप्रमाणे आधी नमस्कार करून, माझं नाव विचारून, मग उघडलं, आणि वेल जशीच्या तशी आली. एकही घर हललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल जरा कमी तक्रार करते.

त्या वर्षी ताईची साडी लग्नाच्या चार दिवस आधी मागावरून उतरली. मोरपंखी अंग, राणी रंगाचा काठ, पदराला ताईने सांगितली होती तेवढी जर. सकाळचं लग्न, सभागृहाच्या चारी कोपऱ्यांत चार मोठे कूलर, आणि ताई त्या काठात अशी वावरत होती की जणू वजन मोजून पाऊल टाकते आहे. जेवणाच्या वेळी नवरदेवाचे मामा तिला आशीर्वाद द्यायला आले. उमरेडचे म्हातारे विणकर. आशीर्वाद दिला, आणि मग पदराचं टोक हातात घेऊन, अंगठा काठावरून हळूहळू सरकवत उभे राहिले. ओठ हलत होते. ते काय करत होते हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं. ते मोजत होते.

मी बाबांकडे बघितलं. बाबा पंगतीतून सरळ तिकडे गेले.

"मामाजी, मोजू नका," ते म्हणाले. "जेवून घ्या. कागद देतो मी तुमाले."

मामांनी पदर सोडला. त्यांना लाज वाटली होती, ते स्पष्ट दिसत होतं. "आपल्या धंद्यात असं कोनी देत नाई जावईबापू," ते पुटपुटले. लग्नाच्या घाईत नातंही चुकलं त्यांचं.

"नाई देत," बाबा म्हणाले. "म्हणून तर चाललाच होता हा." मग माझ्याकडे वळले. "छोटी, दोन काढ. एक मामाजीले. एक आपल्या गुलाबरावले."

गुलाबरावकाका शेजारीच पंगतीत वाढत होते, हातात मठ्ठ्याची बादली. त्यांनी बादली खाली ठेवली. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा घसा साफ केला.

"पूरा नको मले," ते म्हणाले. "वरचे चोवीस हायेत माह्याजवळ, चहाले येता येता मोजलेले. खालचेच दे."

बाबांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले. मी त्यांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं; पंगतीतली माणसं जेवण सोडून वळून बघत होती, आणि काका मान खाली घालून पुन्हा मठ्ठा वाढायला लागले होते.